ब्रीद आणि ब्रोच : तेरच्या मातीच्या पदकांविषयी

‘ब्रीद’ हा शब्द आज मराठीत जवळजवळ पूर्णपणे अमूर्त झाला आहे. शाळांना ब्रीदवाक्य असते, संस्थांना असते, पोलीस दलालाही असते. पण ते कागदावर, कमानीवर किंवा बोधचिन्हाखाली असते. संस्कृत ‘बिरुद’ या शब्दापासून आलेल्या या शब्दाला एके काळी शरीर होते. संतांच्या रचनांमध्ये आणि आरत्यांमध्ये देवाच्या पायी ब्रीदाचा तोडर बांधलेला असल्याचा उल्लेख वारंवार येतो. तोडर म्हणजे पायातला दागिना. देवाने भक्ताला दिलेले वचन त्या दागिन्याच्या रूपाने त्याच्या पायात आहे, आणि तो चालू लागला की ते वचनच चालू लागते, अशी ती कल्पना आहे. ब्रीद ‘बाळगायचे’ असते आणि बिरुद ‘मिरवायचे’ असते. आपली क्रियापदे अजूनही हेच सांगतात की ही अंगावर वागवण्याची वस्तू होती.

दागिना बोलतो ही कल्पना मराठीला परकी नाही, एवढे सांगण्यासाठी हा प्रारंभ. एरवी संदेश वाहणाऱ्या दागिन्यांचा विषय निघाला की आपले लक्ष प्रथम युरोपातल्या ब्रोचकडे जाते, आणि तसे ते जाणे स्वाभाविकही आहे. या लेखात आम्ही त्या ब्रोचकडे थोडा वेळ पाहणार आहोत. परंतु आमचा रोख धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडलेल्या मातीच्या छोट्या पदकांकडे आहे. ही पदके ‘रोमन नाण्यांच्या नकला’ म्हणून ओळखली जातात. ती ओळख चुकीची नाही, पण अपुरी आहे, असे आम्हाला वाटते. त्या अपुरेपणाचा संबंध केवळ पुरातत्त्वाशी नसून, मजकूर म्हणजे काय या आपल्या, म्हणजे साहित्याच्या अभ्यासकांच्या, प्रश्नाशीही आहे.

*

ब्रोच या शब्दाचे मूळ टोकदार खिळ्याशी जाऊन पोचते. फ्रेंचमध्ये त्याच मुळाचा शब्द मांस भाजण्याच्या सळईसाठी वापरतात, आणि इंग्रजीत त्याच मुळापासून आलेले क्रियापद पिंपाला भोक पाडण्यासाठी आणि एखादा नाजूक विषय काढण्यासाठीही वापरले जाते. म्हणजे ब्रीदाचे नाव त्याच्या घोषणेवरून पडले, तर ब्रोचचे नाव त्याच्या टाचणीवरून. वस्त्राची दोन टोके खांद्यावर अडकवणे हे त्याचे मूळ काम. पण अडकवण्याचे काम करणारी ही वस्तू नेहमीच पाहणाऱ्याच्या नजरेसमोर असल्याने तिच्यावर काही लिहिण्याचा मोह माणसाला फार लवकर झालेला दिसतो.

लॅटिन भाषेतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक लेख अशाच सोन्याच्या टाचणीवर आहे. प्राएनेस्ते येथील म्हणून ओळखली जाणारी ही टाचणी इसवी सनापूर्वी सातव्या शतकातली मानली जाते. १८८७ साली ती अभ्यासकांपुढे आली, पुढे दीर्घकाळ तिच्या खरेपणाविषयी वाद झाला, आणि २०११ साली जाहीर झालेल्या शास्त्रीय तपासणीने ती अस्सल असल्याचा निर्वाळा दिला. तिच्यावरचा मजकूर एवढाच : मानिओसने मला नुमासिओससाठी घडवले. इथे बोलणारा ‘मी’ कारागीर नाही, धनीही नाही. ती टाचणी स्वतः बोलते आहे. पुढे रोमन साम्राज्याच्या प्रांतांत अशा टाचण्यांवर ‘सुखाने वापर’ अशा शुभेच्छा आणि प्रेमिकांची थट्टामस्करी कोरण्याची पद्धत पडली. ‘तू प्रेम करत असशील, तर मी त्याहून अधिक’ अशा धर्तीचे हे बोल असत.

हाच खेळ एकोणिसाव्या शतकात पुन्हा रंगला. त्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये रत्नांच्या आद्याक्षरांनी शब्द साधण्याची टूम निघाली. रूबी, एमरल्ड, गार्नेट, अ‍ॅमेथिस्ट, पुन्हा रूबी आणि शेवटी डायमंड, अशी खडे बसवण्याची ओळ इंग्रजी अक्षरांनी वाचली की ‘रिगार्ड’, म्हणजे आदर, हा शब्द तयार होतो. ज्याला किल्ली ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने तो नुसताच रंगीबेरंगी दागिना. शतकाच्या अखेरीस चांदीच्या स्वस्त ब्रोचांवर मुलींची नावे, ‘बाळ’, ‘आई’ असे शब्द आणि ‘मिझ्पा’ हा हिब्रू शब्द दिसू लागला. विसाव्या शतकात बेकेलाइटसारख्या कृत्रिम द्रव्यांमुळे ब्रोच आणखी स्वस्त आणि आणखी खट्याळ झाला. युद्धावर गेलेल्या सैनिकाच्या पलटणीचे चिन्ह त्याच्या प्रेयसीच्या छातीवर आले. फळे, भाज्या, प्राणी आणि शाब्दिक कोट्या कोटाच्या कॉलरवर येऊन बसल्या. अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट यांनी २००९ साली आपल्या ब्रोचांवर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. इराकच्या सरकारी वृत्तपत्राने त्यांना सर्पीण म्हटल्यानंतर इराकी अधिकाऱ्यांना भेटताना त्यांनी मुद्दाम सापाचा ब्रोच लावला होता, हा त्यातला सर्वश्रुत प्रसंग.

यांतले ‘मिझ्पा’चे उदाहरण आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हा शब्द बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायातला. आपण एकमेकांच्या दृष्टीआड असताना परमेश्वर दोघांवर नजर ठेवो, असा त्याचा आशय. व्हिक्टोरियन प्रेमिकांनी तो विरहाचा आशीर्वाद म्हणून एकमेकांना दिला. मूळ कथेत मात्र हे उद्गार प्रेमाचे नाहीत. लाबान आणि त्याचा जावई याकोब यांचा परस्परांवर विश्वास उरलेला नाही, आणि पाठीमागे तू दगाफटका केलास तर देव पाहतो आहे, अशी ती ताकीद आहे. ब्रोच घालणाऱ्या हजारो स्त्रियांनी या ताकदीचे प्रेमवचन करून टाकले. त्यांनी मूळ मजकूर ‘चुकीचा वाचला’ असे म्हणता येईल. पण त्यांनी तो वाचण्यापेक्षा परिधान केला, आणि परिधान करण्याने त्याचा अर्थ बदलला, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

आपल्याकडे ब्रोच उशिरा आला. याचे एक साधे कारण असे की, आपले न शिवलेले वस्त्र टाचणीने अडकवायचे नसून गाठीने, निऱ्यांनी आणि खोचण्याने तोलायचे असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलके आणि खांद्यावरचा पदर यांची नवी घडी बसू लागली तेव्हा पदराला टाचणी हवी झाली. ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांनी मुंबईतल्या वास्तव्यात पारशी स्त्रियांची पद्धत पाहून बंगालमध्ये नेलेली साडीची नेसण ही या बदलातली प्रसिद्ध घटना आहे. पण टाचणी नव्हती म्हणून बोलका दागिना नव्हता, असे मात्र नाही. तो खांद्यावर टोचलेला नसून गळ्यात ओवलेला होता. खेळकर लपवाछपवी म्हणाल तर, रत्नांच्या आद्याक्षरांत शब्द दडवणाऱ्या ब्रोचचे काम आपल्याकडे उखाणा करत आला आहे : जे नाव थेट घ्यायचे नाही ते सर्वांदेखत, पण आडवाटेने घेणे.

*

तेर हे तेरणा नदीच्या काठचे गाव. जिल्ह्याचे नाव दीर्घकाळ उस्मानाबाद होते. २०२३ साली ते धाराशिव झाले. तेरचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्यात या गावाचा उल्लेख आहे. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर, असे तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे पट्टेदार दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड, तलम मलमल आणि इतर वस्त्रे गाड्यांवर लादून कच्च्या वाटेने भडोचला येत. टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे.

हे तगर नेमके कुठे, यावर एकोणिसाव्या शतकात पुष्कळ चर्चा झाली. कोणी दौलताबाद सुचवले, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर सुचवले, डॉ. रा. गो. भांडारकर यांनी धारूरकडे बोट दाखवले. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तेर म्हणजेच तगर असे मांडले, आणि हेन्री कझिन्स यांनी गावाची पाहणी करून तिथल्या विटांच्या प्राचीन मंदिराचे वर्णन प्रसिद्ध केल्यावर ही ओळख पक्की झाली. पुढे १९५८ पासून झालेल्या उत्खननांनी सातवाहनकालीन समृद्ध वसाहतीचे पुरावे पुढे आणले.

या वादात शिलाहार राजांच्या एका बिरुदाचाही आधार घेतला गेला होता. उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर या तिन्ही ठिकाणचे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. राज्य समुद्रकाठी किंवा पंचगंगेकाठी, आणि बिरुदात मात्र तेरणाकाठचे, वैभव ओसरलेले एक गाव. तगरवर त्यांची प्रत्यक्ष सत्ता असण्याशी या बिरुदाचा संबंध नव्हता. आपण कुठून आलो हे सांगणारा तो एक दागिना होता. या घराण्यांचे ताम्रपट उघडले की प्रत्येक वेळी तो दागिना अंगावर दिसतो. तगर हे नाव असे कितीतरी काळ मिरवले गेले.

*

आता मातीच्या पदकाकडे वळू. तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीत पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य आहे, आणि पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले असल्याने तिकडच्या मूर्तीला काळाची निश्चित मर्यादा मिळते. या साम्यामुळे तेरचे नाव जगभरच्या ग्रंथांत गेले. हस्तिदंत मौल्यवान आहे, मूर्ती सुंदर आहे, आणि इथली वस्तू तिथे पोचली या कथेत आपल्याला अभिमान वाटण्याजोगेही काही आहे. मातीच्या पदकाच्या बाबतीत यांतले काहीच नाही. ते लहान आहे, भाजलेल्या मातीचे आहे, आणि त्याची कथा उलट दिशेची, म्हणजे तिथले काहीतरी इथे आल्याची आहे.

अशी पदके केवळ तेरलाच सापडली असे नाही. आज तेलंगणात असलेल्या कोंडापूर येथे १९४० च्या दशकारंभी हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा ती मिळाली. तेरही त्या वेळी त्याच संस्थानात होते. नेवासे येथे ती मिळाली आणि ओडिशातल्या शिशुपालगड येथेही. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९५४ सालच्या आपल्या रोमन सीमेपलीकडील व्यापारावरच्या ग्रंथात त्यांची दखल घेतली. अभ्यासक त्यांना ‘बुला’ म्हणतात. रोममध्ये स्वतंत्र नागरिकांच्या मुलांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून जे पदक घालत त्याचे हे नाव. श्रीमंताघरी ते सोन्याचे असे आणि गरिबाघरी चामड्याचे. मुलगा वयात आला की तो ते उतरवून घरच्या देवांना अर्पण करी.

आपल्याकडचे पदक करण्याची रीत सोपी होती. साचा करायचा, त्यात मऊ माती दाबायची, वर ओवण्यासाठी कडी ठेवायची किंवा भोके पाडायची, आणि भाजायचे. तेरचे कारागीर या कामात तरबेज होते, कारण पांढऱ्या चिकणमातीच्या, दोन साच्यांतून काढलेल्या मूर्तींसाठी ते गाव प्रसिद्धच आहे. पदकावर एका बाजूला रोमन सम्राटाचे मस्तक असते, काहींवर दुसऱ्या बाजूलाही आकृती असते. काही पदकांना सोन्याचा मुलामा असावा, असे मानणारे अभ्यासक आहेत.

नकलेसाठी समोर ठेवलेले नाणे बहुधा तिबेरियस या सम्राटाचे असे. त्याने इसवी सन १४ ते ३७ या काळात राज्य केले, आणि भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांत त्याची नाणी फार मोठ्या संख्येने आहेत. त्याच्या सर्वपरिचित नाण्याच्या एका बाजूला पुष्पमुकुट घातलेले मस्तक आणि भोवती ‘तिबेरियस सीझर, दिव्य ऑगस्टसचा पुत्र, ऑगस्टस’ या अर्थाची लॅटिन अक्षरे असतात. दुसऱ्या बाजूला हाती राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली स्त्री आणि ‘महापुरोहित’ या अर्थाचे पद. थोडक्यात, हे नाणे म्हणजे सम्राटाचे ब्रीद आहे : माझा बाप देव होता आणि मी प्रमुख पुरोहित आहे.

मातीत उतरताना या ब्रीदाचे काय होते? मस्तक राहते. मस्तकाभोवतीची गोल चौकट राहते. अक्षरांची मात्र रेघा आणि ठिपके होतात. ज्याला लॅटिन येत नाही त्याला अक्षर आणि नक्षी यांत फरक करण्याचे कारण नसते. पण अक्षरांची जागा रिकामी सोडलेली नाही, हेही ध्यानात घ्यावे. मस्तकाभोवती काहीतरी लिहिलेले असायला हवे, त्याशिवाय ती वस्तू ‘ती’ वस्तू होणार नाही, एवढी समज कारागिराला आहे. त्याने मजकूर उतरवला नाही. मजकूर असण्याची खूण उतरवली.

इथे ‘नक्कल’ हा शब्द अडचणीचा होऊ लागतो. नक्कल फसवण्यासाठी असेल तर ती मूळ वस्तूच्या जागी चालली पाहिजे. मातीचे पदक बाजारात नाणे म्हणून कोणी घेणार नाही. त्याला कडी आहे, आणि कडी ठेवणाऱ्याने ते चलनासाठी केलेलेच नाही हे पहिल्याच नजरेत सांगून टाकले आहे. म्हणजे ही खोट्या नाण्याची नव्हे, तर नाण्याच्या रूपातल्या दागिन्याची गोष्ट आहे. सम्राटाचे मस्तक, जे तिकडे कर, वेतन आणि आज्ञा यांच्याशी बांधलेले होते, ते इकडे एका सुतळीत ओवून कोणाच्या तरी गळ्यात आले, आणि त्या जागी त्याची सत्ता शून्य होती. यात थोडी गंमत आहे, आणि ती गंमत ज्याने पदक घातले त्याला अजिबात कळत नव्हती असे आपण का गृहीत धरावे?

*

नाणे अंगावर चढवणे ही आपल्या संस्कृतीतली फार जुनी सवय आहे. ‘निष्क’ हा ऋग्वेदातला गळ्यातला सोन्याचा अलंकार. दुसऱ्या मंडलातल्या रुद्राच्या सूक्तात रुद्र अनेक रूपांनी नटलेला निष्क धारण करतो. पुढे निष्क या शब्दाला वजनाचा आणि नाण्याचाही अर्थ आला. अलंकाराचे धन झाले. उलटा प्रवासही घडला. जैनांच्या ‘कल्पसूत्रा’त त्रिशलेच्या स्वप्नात येणाऱ्या लक्ष्मीच्या वक्षस्थळी दीनारांची माळ आहे, आणि दीनार हा शब्द रोमन ‘देनारियस’ या नाण्याच्या नावावरून आलेला. भारतात मिळालेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांपैकी कित्येकांना सम्राटाच्या मस्तकाच्या वर शेजारी शेजारी दोन भोके पाडलेली आढळतात. दोन यासाठी की, माळेत नाणे फिरू नये आणि चेहरा सरळ राहावा. म्हणजे ज्याला सोने परवडत होते त्याने सोने ओवले. ज्याला परवडत नव्हते त्याने तीच गोष्ट मातीत करून घेतली.

दीड हजार वर्षांनी हाच खेळ पुन्हा झाला. व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्याची पाडणी १२८४ साली सुरू झाली, आणि पुढे अरबी समुद्रावरून ते भारतात मुबलक आले. त्याच्यावर व्हेनिसचा प्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून ध्वज स्वीकारताना दिसतो, आणि दुसऱ्या बाजूला ख्रिस्त. भोवती लॅटिन प्रार्थना. आपल्या लोकांनी त्यात उभ्या आकृत्या पाहिल्या आणि त्याला ‘पुतळी’ म्हटले. पुतळ्यांची माळ हा महाराष्ट्रातला प्रतिष्ठेचा दागिना झाला. इथल्या सोनारांनी त्या नाण्याच्या प्रतिकृती केल्या, त्यांतली लॅटिन अक्षरे तेरच्या पदकाप्रमाणेच रेघोट्यांत विरली, आणि हळूहळू संताच्या जागी लक्ष्मी आली. तमिळ प्रदेशात तर त्याच नाण्यावरच्या ध्वजाच्या काठीला लोकांनी माडाचे झाड ठरवले, आणि गुडघे टेकणारा व्हेनिसचा प्रमुख हा ताडी काढायला झाडावर चढणारा शानार झाला. नाण्याला शानाराचा पैसा असे नावही पडले. सापाच्या ब्रोचपेक्षा ही कोटी कमी प्रतीची नाही.

धाराशिव जिल्ह्यातच, तेरपासून फार दूर नसलेल्या तुळजापुरात, याच सवयीचे जिवंत रूप दिसते. तुळजाभवानीचे आराधी कवड्यांची माळ गळ्यात घालतात. कवडी हे सागरातून आलेले, मुख्यतः मालदीवकडचे, आणि शतकानुशतके व्यवहारात चाललेले सर्वांत लहान चलन. ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे शब्दप्रयोग त्या चलनाचे अवशेष आहेत. बाजारात ज्याला किंमत नाही तेच गळ्यात आले की भवानीचे लेणे होते. कवडीवर एकही अक्षर नाही. तरीही ती माळ घातलेला माणूस कोण आहे आणि कोणाचा आहे हे वाटेवरच्या कोणालाही वाचता येते.

*

या सर्वांतून आमच्या मनात जो मुद्दा आहे तो असा. लिहिलेला मजकूर वाचला गेला तरच तो मजकूर, असे आपण साहित्याच्या वर्गात गृहीत धरतो. अंगावर घातलेला मजकूर हा नियम मोडतो. ताईतात घडी करून बंद केलेला कागद कोणी वाचत नाही, आणि वाचता येऊ नये हीच त्याची अट असते. ‘रिगार्ड’ ब्रोच एकालाच वाचता यावा म्हणून असतो. ‘मिझ्पा’ मूळ अर्थाच्या विरुद्ध वाचला जातो. तेरच्या पदकावरची अक्षरे तर अक्षरेच राहिलेली नाहीत. तरीही या प्रत्येक वस्तूने काहीतरी सांगितलेले आहे : दूरच्या जगाशी माझा संबंध आहे, माझे रक्षण होवो, मी अमक्याची आहे, माझ्याकडे पाहा. हे सांगणे शब्दांत नाही, धारण करण्याच्या कृतीत आहे. ब्रीद बाळगायचे आणि बिरुद मिरवायचे ही मराठी क्रियापदे याच कृतीकडे बोट दाखवतात.

असे म्हटल्यावर ‘नक्कल’ या शब्दाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि तो केवळ नावाचा नाही. संस्कृतिसंपर्काचा इतिहास लिहिताना आपल्याला दोन सोप्या वाटा सुचतात. एक, बाहेरच्यांनी दिले आणि आम्ही घेतले. दुसरी, सारे काही आमचेच होते. पहिल्या वाटेने गेल्यास तेरचा कारागीर अडाणी नक्कलकार ठरतो. दुसऱ्या वाटेने गेल्यास तिबेरियसचे मस्तक अडचणीचे वाटून हस्तिदंती मूर्तीच्या मागे सरकवावेसे वाटते. दोन्ही वाटांनी पदक घालणारा माणूस नाहीसा होतो. मराठी साहित्याला हा प्रश्न चांगला परिचित आहे. कादंबरी, निबंध, सुनीत हे प्रकार आपल्याकडे आले तेव्हा त्यांच्याविषयीही आपण ‘अनुकरण’ हाच शब्द वापरला, आणि त्या रूपाला आपल्या लेखकांनी कडी कुठे बसवली, ते कशात ओवले, हे विचारायला पुष्कळ उशीर केला.

तेरला कुंभाराची एक दुसरी कथा आहे, आणि ती प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. गोरोबाकाका याच गावचे. संतमंडळी जमली असता त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले, आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचा निकाल दिला. या कथेचा पारमार्थिक अर्थ बाजूला ठेवला तरी तिच्यात कारागिराच्या ज्ञानाविषयी एक अचूक निरीक्षण आहे. कुंभार मडके वाचत नाही. तो ते वाजवून पाहतो. त्यावर काय लिहिले आहे यापेक्षा ते भाजले गेले आहे की नाही, हे त्याला आधी कळते. तिबेरियसची पदके करणारा कारागीर गोरोबांच्या हजारभर वर्षे आधीचा. त्यांच्यात वंशाचा धागा जोडण्याची गरज नाही. पण वस्तूला तिच्या कामावरून पारखण्याची ही रीत त्या पदकांना लावून पाहण्यासारखी आहे. ती अक्षरांत कच्ची आहेत, हे खरे. दागिना म्हणून मात्र ती पक्की भाजलेली आहेत, आणि म्हणूनच दोन हजार वर्षे टिकली.

ती आपल्यापर्यंत पोचली याला आणखी एका गोष्टीची मदत झाली. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडणाऱ्या अशा क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तू जमवल्या, जपल्या, आणि त्यांचा संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन झाला. सोने कोणीही जपतो. बिनकिमतीची माती जपण्यासाठी, ती कोणाच्या तरी गळ्यात होती हे आधी मनाशी मान्य करावे लागते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तेरला जाऊन हस्तिदंती मूर्ती अवश्य पाहावी. त्यानंतर थोडे थांबून त्या लहान गोल पदकांसमोर उभे राहावे, आणि त्यावर काय लिहिले आहे हे विचारण्याआधी त्याचे भोक पाहावे. दोरा तिथून जात होता.